चेंडू नसलेली बाजू

उंचीची भीती गुणवंत सबनीसला लहानपणापासून होती. पुण्यात मावशीचं घर तिसऱ्या मजल्यावर. तिथं गेला की तो गॅलरीकडे पाठ करून बसायचा, आणि मावसभावंडं हात धरून ओढू लागली की पलंगाच्या पायाला मिठी मारायचा. मोठेपणी ती भीती गेली नाही, फक्त लपली. जमिनीवरचं काम पत्करलं की उंचीशी माणसाची गाठ पडते कितीशी? त्याने कॅमेरा पत्करला. आधी लग्नं, मुंजी, मग क्रिकेटचे सामने.

लग्नात नवरीचा चेहरा सोडायचा नाही आणि क्रिकेटात चेंडू सोडायचा नाही, हे दोन धडे त्याने आपले आपण घेतले. गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटला की गुणवंतचा कॅमेरा त्याच्यामागे असा जाई, जसं वासरू गाईमागे. कधी चुकायचा नाही. त्याच हातावर तो एका स्पर्धेसाठी शारजाला आला आणि तिथंच रुजला. पुढे अल सिद्र क्लबला फुटबॉलचे सामने टिपायला माणूस हवा होता. गुणवंतला फुटबॉल फारसा कळत नव्हता. पण तो मनाशी म्हणाला, चेंडू तर चेंडू. उलट हा मोठा आहे, दिसायला सोपा.

सिद्र म्हणजे आपल्या बोरीच्या जातीचं झाड. वाळूत उभं राहतं, सावली देतं, काटेही देतं. क्लबाच्या फाटकाशी तसं एक जुनं झाड होतं आणि त्याच्यामागे मैदान. चारही बाजूंना पिवळी वाळू आणि मधोमध हिरवं गवत, जणू कुणी ओल्या रानाचा एक तुकडा कापून तिथं वाळत घातला आहे. मैदानाच्या एका अंगाला प्रेक्षकांच्या पायऱ्या, दुसऱ्या अंगाला पाण्याची उंच टाकी. त्या टाकीच्या लोखंडी शिडीकडे गुणवंत कधी मान वर करून बघतही नसे.

तो राहायचा शेजारच्या दुबईत, करामा वस्तीत, बायको हेमा आणि मुलगी ईशानी यांच्यासोबत. खाली उडप्याचं हॉटेल, बाजूच्या दुकानात गणपतीच्या दिवसांत मोदकाचे साचे मिळायचे. ईशानी तिथेच वाढली. आईबाप मराठीत विचारत, ती इंग्रजीत उत्तर देई. घर कुठलं असं कुणी विचारलं तर ती करामा सांगायची, पुणं नाही.

दोन हजार आठ साली तिथली लीग व्यावसायिक झाली. खेळाडूंना करार आले, क्लबाला नवे कपडे आले, ऑफिसात नवी खुर्ची-टेबलं आली. क्लबाला पैसा पुरवणारं घराणं इमारती बांधायचं, आणि इमारती तर तेव्हा पावसाळी अळंब्यांसारख्या उगवत होत्या. मग त्याच हिवाळ्यात कुठंतरी लांब, बँकांच्या जगात, काहीतरी मोडलं. आवाज इथं ऐकू आला नाही. पण बसमधून जाताना गुणवंतला दिसायचं, की अर्ध्या इमारतींवरच्या क्रेन वळायच्या थांबल्या आहेत. काल जिथं तोंड होतं तिथंच आज. शेतात बगळा एका पायावर उभा असावा तशा त्या उभ्या राहिल्या, आणि उभ्याच राहिल्या.

क्लबाच्या ऑफिसात माणसं एकेक करून वरच्या मजल्यावर बोलावली जाऊ लागली. वर जाणारा माणूस शर्ट सारखा करून जाई. खाली येताना त्याचे हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नसे. मग तो टेबलावरचा आपला चहाचा मग उचलायचा आणि निघून जायचा. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की महिनाभरात देश सोडायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

बोलायची ती एकटी हव्वाबी. दाभोळकडची ही बाई नवऱ्यामागे इथं आली, नवरा गेल्यावर राहिली, आणि क्लबात चहा करायची. गुणवंतला ती भाऊ म्हणे.

"भाऊ, आजपासून अकाउंटवाल्यांचा चहा बंद," ती म्हणाली.

"का? साखर संपली?"

"माणसं संपली."

गुणवंत हसला. दाराबाहेर पावलं वाजली की तो आता कॅमेऱ्याच्या काचा पुसायला घ्यायचा. पुसून पुसून त्या काचा अशा झाल्या होत्या की त्यांत त्याला स्वतःचे डोळे दिसायचे.

जानेवारीत त्याला वर बोलावणं आलं.

वर नवे मॅनेजर बसत. फादीसाहेब मूळचे बैरूतचे, अमेरिकेत शिकलेले. माणूस वाईट नव्हता. पाहुण्याला आधी कॉफी पाजायचा. फक्त त्यांना कापाकापीसाठीच आणलं होतं, आणि ते त्यांनी लपवलं नव्हतं.

"मिस्टर गुन," ते म्हणाले. गुणवंत एवढं नाव त्यांच्या तोंडात मावत नसे. "आपण दरवर्षी ट्रायल घेऊन कोवळी मुलं निवडतो. अमेरिकेत याच्यासारख्या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. मागच्या चार वर्षांचा आपला ड्राफ्ट कसा गेला, मला बघायचंय. कोण उपयोगी पडलं, कोण वाया गेलं. तुझ्याकडे सगळ्या टेप आहेत. एकेका मुलाला ग्रेड दे. ए, बी, सी."

"सर, मी फक्त शूटिंग करतो. निवड कॅप्टन मुनीर करतात."

"म्हणून तर तुला सांगतोय. ज्याने निवडलं त्यालाच कसं विचारू?" फादीसाहेबांनी कॉफीचा छोटा पेला बोटांत फिरवला. "हे बघ, निवड आणि व्हिडिओ अशी दोन खाती मला परवडत नाहीत. एक राहील. ड्राफ्ट वाईट निघाला तर कोणतं जाईल हे सांगायला नको. दहा दिवस घे. यल्ला, लाग कामाला."

गुणवंत जिना उतरला. आपले हात कुठं आहेत हे त्याला कळत नव्हतं.

त्या दिवशी घरी आल्यावर त्याने हेमाला सगळं सांगितलं. ती बाल्कनीत तुळशींना पाणी घालत होती. तुळशींना, कारण आता त्या चार झाल्या होत्या. तिथल्या मराठी घरांत एक रीत पडली होती. परत जाणारं कुटुंब फ्रिज विकायचं, सोफा विकायचा, पण तुळस विकता येत नाही आणि कचऱ्यातही टाकवत नाही. मग ती मागे राहणाऱ्याच्या दारात यायची. पहिली स्वतःची, दुसरी समोरच्या मुग्धाची, तिसरी कुसैसच्या केळकरांची, चौथी कुणाची ते हेमालाही नीट माहीत नव्हतं. बेल वाजली, एक तरुण जोडपं उभं होतं, कुंडी देऊन रडत निघून गेलं. बाल्कनी हिरवीगार झाली होती आणि हेमाला ती बघवत नव्हती.

"म्हणजे सी लिहिलंस की तू राहणार," हेमा म्हणाली.

"हो."

"आणि ती मुलं खरंच वाईट असतील तर? मग लिहायला काय हरकत आहे? खोटं थोडंच लिहितोयस!"

"बघतो. टेप बघतो आधी."

"बघ. नीट बघ." तिने तांब्या खाली ठेवला. "मार्चमध्ये ईशूची बोर्डाची परीक्षा आहे. मधेच हिला उचलून कुठल्या शाळेत घालू मी? आणि आपल्या ह्या चार तुळशी कुणाच्या दारात ठेवू? कुणी उरलंय का?"

आतून ईशानीचा आवाज आला. "बाबा, आर वी लीव्हिंग?"

"नाही गं. अभ्यास कर तू."

"यू ऑल्वेज से दॅट इन दॅट व्हॉइस."

"कुठला व्हॉइस?"

"द लिफ्ट व्हॉइस." ती दारात येऊन उभी राहिली. काचेच्या लिफ्टमधून वर जाताना बाप डोळे मिटून ज्या आवाजात बोलतो, तो आवाज तिने हुबेहूब काढून दाखवला. हेमा हसली. गुणवंतलाही हसावं लागलं. पण मुलीला आपली भीती आवाजावरून ओळखता येते, हे कळल्यावर त्याला आणखीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवसापासून तो टेप बघायला बसला.

कॅप्टन मुनीर सुदानचा, ओमदुरमानचा. तिकडे प्रशिक्षकाला कॅप्टनच म्हणतात. एकेकाळी खेळायचा, आता दोन्ही गुडघे गेलेले. ट्रायलच्या दिवशी शेकडो पोरं मैदानावर धावायची आणि हा पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून भलतीकडेच बघायचा. सगळे ओरडत असत तिकडे त्याची पाठ. संध्याकाळी तो बोट करून मुलं उचलायचा, आणि ज्याने गोल केले ते पोर बहुतेक वेळा त्याच्या निवडीत नसायचं. ऑफिसात सगळे म्हणायचे, म्हाताऱ्याची नजर गेली.

टेपमध्ये तेच दिसत होतं. मुनीरने निवडलेली मुलं पडद्यावर जवळजवळ नाहीतच! सालेम नावाचा एक होता, चार वर्षांपूर्वी सतरा वर्षांचा असताना निवडलेला, आता मधल्या फळीत खेळणारा. त्याला तर गुणवंत शोधून शोधून थकला. अर्ध्या सामन्यात तो कॅमेऱ्याच्या चौकटीतच यायचा नाही. यायचा तेव्हा चेंडू घेऊन शेजारच्याला द्यायचा आणि पुन्हा नाहीसा. पळणं नाही, झेप नाही, काही नाही. गुणवंतने सी लिहिला. दुसऱ्याला सी. तिसऱ्याला मेहेरबानी म्हणून बी. लिहिता लिहिता त्याच्या छातीवरचं ओझं उतरत गेलं. खोटं लिहायची वेळ आली नाही, देवाने वाचवलं. तो स्वतःशी गुणगुणायलाही लागला.

मग एका जुन्या सामन्यात त्याचं लक्ष एका गोष्टीकडे गेलं. समोरच्या संघाचा एक चपळ खेळाडू चेंडू घेऊन डाव्या बाजूने येत होता. वाट मोकळी होती. आणि मोकळ्या वाटेवर तो एकाएकी थबकला, मागे वळला आणि चेंडू परत धाडून दिला. गुणवंतने टेप मागे घेतली. पुन्हा बघितली. वाट मोकळीच होती. मग हा परतला कुणाला बघून?

आपल्याकडे भाताच्या खाचरावर पाखरांचा थवा उतरायला येतो आणि न उतरताच वळतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पाखरांची लहर. जवळ गेलं की दिसतं, बांधाला कुणीतरी उभं आहे.

त्याने दुसरी टेप लावली. मग तिसरी. आता त्याला तेच दिसू लागलं. समोरचे थबकायचे, वळायचे, घाईने चेंडू भलतीकडे मारायचे, आणि प्रत्येक वेळी चौकटीच्या बाहेर कुणीतरी असायचं. कधी कडेला एक बोट दिसायचं, साथीदाराला जागा दाखवणारं. कधी गवतावर नुसती सावली. एकदा चौकट किंचित उशिरा सरकली, आणि त्या उशिरात सालेम दिसला. चेंडू यायच्या कितीतरी आधी तिथं येऊन उभा. मग गुणवंतचा तरबेज हात चेंडूमागे गेला आणि सालेम पुन्हा बाहेर.

गुणवंतने टेप थांबवली. ही मुलं वाईट नव्हती. ती चेंडूपासून दूर राहून काम करणारी होती, आणि मुनीर त्यांना त्याचसाठी निवडत होता. क्रिकेटात चेंडू जिथं, खेळ तिथं. इथं तसं नव्हतं. चार वर्षं त्याने खेळ टिपलाच नव्हता. फक्त चेंडू टिपला होता, एकदाही न चुकता. नवख्याचा कॅमेरा तरी इकडेतिकडे भरकटला असता आणि काही पुरावा मागे राहिला असता.

आता तो कुठल्या पेचात सापडला हे त्याला हळूहळू कळत गेलं. मुलं चांगली आहेत असं लिहावं तर त्याच्याजवळ दाखवायला काही नाही. का नाही, हे सांगावं तर स्वतःच्याच तोंडाने सांगायचं, की सर, तुमचं व्हिडिओ खातं चार वर्षं निरुपयोगी होतं. मग कोणतं खातं जाईल हे सांगायला नको.

त्याने दार लावून घेतलं आणि काचा पुसायला घेतल्या.

दुपारी तो मुनीरकडे गेला. मुनीर सिद्राच्या सावलीत आपल्या खुर्चीत बसून गुडघ्याला तेल चोळत होता. त्यांचं बोलणं मोडक्या हिंदीत, मोडक्या इंग्रजीत आणि थोडं अरबीत चाले. दोघांनाही त्यातली एकही भाषा पुरी येत नसल्यामुळे एकमेकांचं सगळं कळायचं.

"कॅप्टन, एक विचारू? तुम्ही मला नेहमी म्हणायचात, चेंडू सोड. ते थट्टेत ना?"

"थट्टेत? हबीबी, मी चार वर्षं म्हणतोय. तू प्रत्येक वेळी हसायचास. मला वाटलं, हिंदी माणसाला हा विनोद फार आवडतो."

गुणवंत खाली बसला. मुनीर तेलाचे हात पुसत राहिला.

"ग्रेड लिहितोयस," तो म्हणाला. "हव्वाबीने सांगितलं. तिला सगळं कळतं."

"काय लिहू?"

"सी लिही."

"कॅप्टन!"

"तुला मुलगी आहे. माझे दोन गुडघे आहेत, ते कुठंही दुखतील." त्याने मैदानाकडे बघितलं. तिथं कुणी नव्हतं, फक्त पाण्याचे फवारे फिरत होते. "मी सतरा वर्षांचं पोर निवडतो ते बाविसाव्या वर्षी कसं असेल ते बघून. हे लोक अठराव्या वर्षी विचारतात, अजून फळ का नाही? खजुराचं रोप लावलं की पहिली काही वर्षं फक्त काटे टोचतात. पण ज्याच्या घराला आग लागली त्याला हे काय सांगणार? खलास. सी लिही."

हे म्हणताना त्याचा आवाज साधा होता. पण तेलाची बाटली बंद करायला त्याला फार वेळ लागला. झाकण आट्यावर बसत नव्हतं. ओमदुरमानला त्याचं कुणी उरलं नाही, हे गुणवंतला ठाऊक होतं. म्हातारा त्याच्याइतकाच घाबरलेला होता.

त्या गुरुवारी संध्याकाळी घरच्या मैदानावर सामना होता. दुपारी गुणवंतने कॅमेरा उचलला, तिपाई उचलली आणि पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिला.

तो धीट झाला होता असं कुणी समजू नये. सी लिहिले तरी आता त्याला भीती वाटणार होती, न लिहिले तरी वाटणार होती. फक्त एकदा, सगळं मैदान एकाच चौकटीत कसं दिसतं, एवढं त्याला बघायचं होतं. त्याशिवाय ग्रेड लिहायला हात उठत नव्हता. आणि सगळं मैदान फक्त तिथूनच दिसणार होतं.

शिडीची पहिली पायरी गरम होती. दोन-चार पायऱ्या चढल्यावर त्याने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी आणखी काही चढला. मग वारा लागला. खाली जमिनीवर वाराच नव्हता, आणि इथं तो शर्टात शिरून फडफडत होता, पाठीवरची तिपाई वाजवत होता. गुणवंतने शिडीला मिठी मारली, मावशीच्या पलंगाला मारायचा तशी, आणि तो थांबला. वर जाता येईना, खाली येता येईना. करामातली बाल्कनी, ईशानी, चार कुंड्या, सगळं त्याच्या मिटल्या डोळ्यांपुढून भरभर गेलं. पडलो तर व्हिसाचा प्रश्नच मिटला, असंही त्याच्या मनात आलं, आणि तो स्वतःच दचकला.

"ए हिंदी!" खालून मुनीरचा आवाज आला. "वर जातोयस की तिथंच घर करतोयस?"

"कॅप्टन, मला जाता येत नाही पुढे."

"मग खाली ये."

"तेही येत नाही."

"छान. मग मी इथं उभा राहतो. माझे गुडघे दुखायला लागले की तुला शिव्या देईन. त्या ऐकून तू कुठल्यातरी बाजूला हलशीलच."

मागून हव्वाबीचा आवाज आला. "भाऊ, खाली बघू नका. हातातली पायरी बघा. एक झाली की दुसरी. आमच्याकडे माडावर असंच चढतात."

"तुम्ही चढलायत का माडावर?"

"मी कशाला चढू? मी नारळ फोडते."

गुणवंतला हसू आलं आणि हसण्यात हात सैल झाला. तो सैल हात वरच्या पायरीवर गेला. मग दुसरा. वर पोचला तेव्हा टाकीच्या कडेच्या जाळीवर तो पालथा पडून राहिला, किती वेळ ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग बसल्या बसल्या, कठड्याला स्वतःला पट्ट्याने बांधून, त्याने तिपाई उघडली.

दिवे लागले. सामना सुरू झाला.

सवयीने त्याचा हात चेंडूमागे निघाला. त्याने तो ओढून घेतला. चेंडू उजवीकडे गेला, हात पुन्हा निघाला. त्याने पुन्हा ओढला. शेवटी त्याने दोन्ही हात कॅमेऱ्यावरून काढले आणि कठड्याला धरले. शिडी चढण्यापेक्षा ते अवघड होतं.

आणि मग खाली मैदान उलगडलं. लावणीच्या दिवसांत टेकडीवरून खाचराकडे बघावं, तसं. खालून वाकलेल्या पाठी दिसतात. वरून ओळी दिसतात. सालेम चेंडूकडे धावतच नव्हता. चेंडू जिकडे जाणार तिकडची दारं तो आधी जाऊन बंद करत होता. तो एक पाऊल सरकला की मुनीरची बाकीची मुलंही सरकत, कुणी न सांगता, जणू सगळ्यांच्या कमरेला एकच दोरी आहे. समोरचे येत, थबकत, वळत. गुणवंतच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वाऱ्यामुळे असेल.

सामना बरोबरीत सुटला. पेपरात दोन ओळी आल्या.

शनिवारी त्याने ती टेप फादीसाहेबांना दाखवली. साहेब आधी खुर्चीत टेकून बघत होते. मग पुढे वाकून बसले. मग म्हणाले, "हा कोण?"

"सालेम, सर. चार वर्षांपूर्वीची निवड."

"याला तू काय ग्रेड दिलीस?"

"सी दिली होती. खोडली. आता कुणालाच दिली नाही." गुणवंतचा आवाज लिफ्टमधला झाला होता, त्याला ऐकू येत होतं. "सर, जुन्या टेपवरून ग्रेड देता येणार नाही. त्यांत फक्त चेंडू आहे. कॅप्टनने निवडलेली मुलं कशी आहेत हे मी टिपलंच नाही. चूक माझी आहे. या एका सामन्यावरून एवढंच म्हणता येतं, की निवड वाया गेलेली नाही. पक्कं सांगायचं तर सगळे सामने टाकीवरून, असे टिपायला हवेत."

"चार वर्षं तू चुकीचं शूट केलंस."

"होय सर."

"हे तू मला आपणहून सांगतोयस."

"होय सर."

फादीसाहेबांनी टेप पुन्हा सुरुवातीला नेली. मैदान, दिवे, सरकणारे खेळाडू. बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन बसलं. गुणवंतने आयुष्यभर चेहरे टिपले होते. त्याला ते येताना दिसलं.

"कॅमेरा हलत नाही," ते हळूच म्हणाले.

"नाही सर. हलवायचाच नाही."

"वर बसवला, बटण दाबलं, की झालं?"

"होय सर."

"मग वर माणूस कशाला लागतो?"

उत्तर त्यानेच तर त्या पडद्यावर लावलं होतं. फादीसाहेबांनी मान खाली घातली. माणूस वाईट नव्हता. त्यांनी त्याला कॉफी घे म्हटलं, आणि गुणवंतने ती एका घोटात संपवली.

मुनीर राहिला. पगार कमी झाला, पण राहिला. टाकीवर एक कॅमेरा कायमचा बसवला गेला आणि पंपवाला सामन्याआधी वर जाऊन बटण दाबू लागला. गुणवंतला मार्चअखेरपर्यंत ठेवलं, मुलीची परीक्षा आहे म्हणून. एवढी सवलत फादीसाहेबांनी स्वतःच्या अंगावर घेऊन दिली.

त्या शनिवारी जिन्यावर हव्वाबी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने त्याच्या हातांकडे बघितलं. त्याचा मग तिने आधीच धुऊन, कागदात गुंडाळून ठेवला होता.

मुनीर बाहेर झाडाखाली होता. "मी सी लिही म्हटलं होतं," तो रागाने म्हणाला. "हिंदी माणसाला माझं कधीच ऐकू येत नाही." मग त्याने गुणवंतचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

हेमाला सांगताना मात्र गुणवंतला शिडीवरच्यासारखं झालं. ती ऐकत राहिली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. शेवटी एवढंच म्हणाली, "तू चढलास? टाकीवर? तू?" आणि मग बाल्कनीत जाऊन कुंड्यांची तोंडं उगाचच इकडची तिकडे फिरवत राहिली. संध्याकाळी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ उभे होते, हातात कुंडी. "वहिनी, उद्याचं विमान आहे. तुमच्याकडे बाकीच्या आहेत म्हणून..." हेमाने कुंडी घेतली. आमचंही बहुतेक ठरतंय, हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिने ते गिळलं. त्या बिचाऱ्याला तेवढा तरी दिलासा असू दे, की कुणीतरी मागे राहतंय.

मार्च आला. ईशानी परीक्षेला जायची आणि गुणवंत दारोदार फिरायचा. कॅमेरावाला कुणाला नको होता. लग्नं थांबली होती, जाहिराती थांबल्या होत्या. हेमाने दोन बॅगा भरून ठेवल्या आणि त्या कपाटामागे, मुलीला दिसू नयेत अशा लपवल्या. मुलीने पहिल्याच दिवशी बघितल्या आणि तसं दाखवलं नाही. व्हिसाची मुदत संपत आली तेव्हा शारजाच्या हमरिया बंदरालगतच्या फ्री झोनमधल्या एका गोदामवाल्याने विचारलं, गोदामांवर पहाऱ्याचे कॅमेरे बसवता येतात का? खांबावर चढावं लागतं. बंदरावर वारा फार असतो. आधीचा माणूस म्हणूनच पळाला.

गुणवंत म्हणाला, येतं.

ते कुटुंब करामा सोडून कुसैसला लहान जागेत गेलं. पिकअपमध्ये फ्रिजच्या आधी पाच तुळशी चढल्या. पुढची कितीतरी वर्षं गुणवंत खांबांवर चढत राहिला. एकदा सुटीच्या दिवशी मुनीर त्याच्याबरोबर हमरियाला आला, खाली उभा राहून त्याने ते चढणं बघितलं आणि म्हणाला, "अजून पाय लटपटतात तुझे."

"रोज लटपटतात."

"मग चढतोस कसा?"

"हातातली पायरी बघतो."

सालेम पुढे संघाचा कर्णधार झाला. टीव्हीवर त्याचा सामना असला की गुणवंत खुर्ची पुढे ओढून बसतो आणि सामना चालू झाला की टीव्हीवरच्या कॅमेरावाल्याला शिव्या घालतो. "अरे, सोड तो चेंडू! सोड! मागे बघ काय चाललंय!" ईशानी आता नोकरी करते, तरी बापाला अजून इंग्रजीतच सुनावते, "बाबा, नोबडी एल्स वॉचेस द एज ऑफ द टीव्ही."

मध्येच फोन वाजतो. ऑफिसचा नंबर असला की तो लगेच उचलत नाही. आधी टेबलावरचा चष्मा घेतो आणि काचा पुसतो. हेमा बाल्कनीत जाते आणि ज्या तुळशीला कालच पाणी घातलं तिला पुन्हा थोडं घालते, त्याचं बोलणं संपेपर्यंत.